भिंतीसाठी विरवलेला चुना

“ज्या घराच्या मधल्या दारात भिंत उभी राहते, त्या घराचा इतिहास तिथेच संपतो!” हेडमास्तरांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की भिंत त्यांनीच मागितली होती.

शिवाय त्यांच्या एका गालावर दाढीचा साबण होता आणि समोर श्रोते म्हणून फक्त विटा होत्या.

मधल्या दाराच्या पलीकडून, म्हणजे धाकट्या भावाच्या अर्ध्या घरातून, उत्तर आलं. “इतिहास चार वाजता संपवतो. आधी जेवून घेऊ दे.”

धाकटा गवंडी होता. वडीलही गवंडी होते. थोरल्याने मात्र थापीऐवजी खडू हातात घेतला आणि तो शाळेचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला. निवृत्तीला सहा महिने झाले होते आणि बोलणं बंद होऊनही तितकेच. न बोलण्याच्या या काळात दोघांचं फक्त एका गोष्टीवर एकमत झालं होतं, ते म्हणजे भिंत. रविवारचा दिवसही एकमतानेच ठरला. पूर्वी सहलीचासुद्धा दिवस ठरायला ह्या घरात महिना लागत असे.

गवंड्याने आदल्या दिवशी दाराचं फळकूट बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. शेजारी विटा रचल्या होत्या. “एकशे पाच,” तो बायकोला म्हणाला होता, पण थोरल्याला ऐकू जाईल अशा बेताने. “एक जास्त नाही, एक कमी नाही. काम संपलं की अंगणात तुकडा दिसायचा नाही. हिशेब डोक्यात लागतो, पाटीवर नाही.”

हेडमास्तरांनी ते ऐकलं होतं. त्या रात्री त्यांना झोप लागली नव्हती.

*

गवंडी पिंपापाशी गेला. पिंपात तीन आठवडे पाण्यात विरवलेला कळीचा चुना होता, गाळलेला आणि ओल्या पोत्याखाली झाकलेला. हल्ली कुणी असला चुना वापरत नाही. पण ही भिंत साधी नव्हती. रागाने बांधायची भिंत सिमेंटची कशी चालेल? तिला वडिलांच्या हातचंच काम हवं.

त्याने पोतं उचललं आणि तो जागच्या जागी थांबला.

रोज संध्याकाळी तो चुन्याचा वरचा थर थापीने साफ करत असे, आरशासारखा. त्या आरशात आता एक खड्डा होता. नीट पाहिल्यावर दोन.

“माझ्या चुन्यात चमचा घातलाय!”

त्याच्या बायकोने शिलाई मशीनवरून मान वर केली. काकू म्हणून सगळी गल्ली तिला ओळखत होती. गल्लीतल्या प्रत्येकाच्या कमरेचं माप तिला तोंडपाठ असल्यामुळे तिच्याशी सहसा कुणी वाकडं बोलत नसे.

“चुन्यात कोण कशाला चमचा घालेल?”

“तेच विचारतोय! थापी घातली असती तर समजलो असतो. चमचा!”

“काका,” मागून आवाज आला, “चमचा मी घातला.”

ही ठिणगी. हेडमास्तरांची एकुलती एक मुलगी, मालवाहू जहाजावर तिसरी स्वयंपाकीण. दोन महिन्यांच्या रजेवर आलेली, बुधवारी परत निघणार. तिची आई ती पाच वर्षांची असताना गेली. तेव्हापासून ती राहायला एका अर्ध्या घरात आणि जेवायला दुसऱ्या अर्ध्यात अशी वाढली. मधल्या दाराचा उंबरा मधोमध झिजला होता, तो बहुतेक तिच्याच पायांनी.

“दोनच चमचे,” ती म्हणाली. “मका भिजवायला.”

गवंड्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग चुन्याकडे.

“कशाला?”

“वाळलेल्या मक्याला चुन्याच्या पाण्यात उकळायचं, रात्रभर तसंच ठेवायचं. साल सुटते. मग वाटून टॉर्टिया, म्हणजे तिकडच्या पोळ्या, करायच्या. मेक्सिकोत असंच करतात. आमच्या जहाजाचे मुख्य स्वयंपाकी तिकडचे आहेत, त्यांनी शिकवलं. आज दुपारी सगळ्यांना तेच जेवायला आहे.”

“माणसांना?” गवंड्याचा आवाज चढला. “अगं, ह्या चुन्याने मी हौद बांधलेत! देवडी बांधली, घुमट बांधला! आणि तू तो माझ्या पोटात बांधणार?”

“काका, तळाचा नाही घेतला. पाण्यात कालवून, निवळू देऊन वरची निवळी घेतली.”

गवंडी थांबला. पुढे बोलायचं बरंच होतं, पण त्याच्यातला कारागीर मधेच आडवा आला.

“किती पाण्यात?”

“पाच लिटर.”

“दोन चमचे सपाट, की भरून?”

“सपाट.”

“किती वेळ निवळू दिलंस?”

“तासभर.”

“दोन तास द्यायचे.” त्याने पोतं पुन्हा झाकलं. “एक तासात काय निवळतं? कपाळ! आणि विचारून घ्यायचं. घरात माणसं आहेत की नाहीत?” मग आपण रागावलेलो आहोत हे आठवून तो पुढे म्हणाला, “चार वाजता काम सुरू होणार म्हणजे होणार. मका असो की फिका.”

*

काकू मात्र निवळीबिवळी ऐकायला थांबली नाही. ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. पातेल्यात दोन किलो मका पिवळट, बुळबुळीत पाण्यात बुडालेला दिसला. वासावरून कुणी नवीन खोली रंगवल्यासारखं वाटत होतं.

तिने ते पातेलं उचललं आणि परसातल्या नळाखाली नेऊन उपडं केलं.

“बावीस देश फिरून आली,” ती मका दोन्ही हातांनी चोळत म्हणाली, “आणि शिकली काय, तर चुना खायला घालायला. बाप तसाच. भाषण करेल तासभर, पण मीठ कुठे ठेवलंय ते सांगता येणार नाही. आणि हा आमचा! पोरगी बुधवारी जाणार, तर ह्याला रविवारी भिंत सुचते. मुहूर्त बघा!”

मका चोळला जात होता. दाण्यांची सालं सुटून पाण्यावर तरंगत होती. काकूने पाणी फेकलं, पुन्हा भरलं आणि पुन्हा चोळायला लागली. एकेका पाण्याला एकेका नातेवाइकाची पाळी होती. तिसऱ्या पाण्याला थोरल्या भावोजींची, चौथ्याला नवऱ्याची, पाचव्याला पुन्हा नवऱ्याची.

ठिणगी मागच्या दाराच्या चौकटीला टेकून हे बघत होती. मका असाच चोळून, सालं काढून, सात पाण्यांनी धुवायचा असतो. तिला एकटीला तास लागला असता आणि हातही भरून आले असते. म्हणून ती शहाण्यासारखी गप्प राहिली.

सातव्या पाण्याला काकूने दाणा हातात घेऊन बघितला. पांढराशुभ्र आणि मऊ.

“वाचवला,” ती विजयाने म्हणाली. “दाखव तुझ्या मेक्सिकोला.”

“काकू,” ठिणगी म्हणाली, “आता हा फक्त वाटायचा.”

काकूने तिच्याकडे बघितलं. मग सालांकडे. मग आपल्या हातांकडे.

“म्हणजे तू मला राबवलंस?”

“मी कुठे काय म्हटलं?”

“तेच तर! एक शब्द बोलली नाहीस! लहानपणी दूध सांडून अशीच उभी राहायचीस.” काकूने पातेलं तिच्या हातात आदळलं. पण दाणा मात्र तिने पदराला पुसला आणि तोंडात टाकून हळूच चावून बघितला. ठिणगीने तिकडे बघितलं नाही. ह्या घरात कुणाच्या रागाचा मान राखायचा असेल तर वेळेवर दुसरीकडे बघावं लागतं.

*

हेडमास्तरांचा राग वेगळ्या जातीचा होता. तो शिस्तीत यायचा.

परसाच्या मधोमध सहा महिन्यांपूर्वी एक सुतळी बांधली गेली होती. अलीकडे हेडमास्तरांचे टोमॅटो, पलीकडे काकूच्या मिरच्या, कोथिंबीर आणि भोपळ्याचा वेल. वेलाला सुतळी समजत नव्हती, त्यामुळे तो मन मानेल तसा फिरत असे आणि त्यावरून दोनदा न बोलताच वाद झाला होता. हेडमास्तरांनी प्रत्येक टोमॅटोला दोऱ्याने चिठ्ठी बांधून क्रमांक दिला होता. वहीत प्रत्येकाची प्रगती लिहिली जात असे. अकरा क्रमांकाविषयी त्यांना विशेष आशा होती.

ते दाढी पुसत परसात आले, तेव्हा टोमॅटोच्या झाडांवर बारा चिठ्ठ्या नुसत्या लोंबत होत्या.

“ठिणगे! सात नंबरला अजून चार दिवस होते!”

“बाबा, तो नरम झाला होता.”

“नरम नव्हता, प्रगतिपथावर होता! आणि अकरा? अकरा कुठे आहे?”

अकरा तव्यावर होता. ठिणगी तेल न घालता टोमॅटो, कांदा, लसूण आणि काकूच्या हिरव्या मिरच्या भाजत होती. सालांवर काळे डाग पडत होते, धूर डोळ्यांत जात होता. हेडमास्तरांनी दारातून अकरा क्रमांकाला ओळखलं. त्याचा एक गाल पूर्ण काळा होता.

“करपवलास!”

“करपवायचाच असतो. त्याशिवाय साल्सा, म्हणजे तिकडची चटणी, होत नाही.”

“चार महिने मी त्याला पाणी घातलं. सकाळ-संध्याकाळ. तुझ्यापेक्षा जास्त लक्ष दिलं!”

हे वाक्य तोंडातून गेल्यावर हेडमास्तरांना ते परत घ्यावंसं वाटलं. पण चाळीस वर्षांच्या नोकरीत चूक मान्य करण्याचा सराव राहिला नव्हता.

ठिणगीने तव्यावरचा टोमॅटो उलटला. “खरं आहे,” ती म्हणाली. “मला पाणी काकू घालायची.”

धूर दोघांच्याही डोळ्यांत गेला. तो तसा जातोच.

“बाबा, दर शनिवारी मी बोटीवरून फोन करते, तेव्हा तुम्ही फोन कुठे ठेवता?”

“उंबऱ्यावर.”

“का?”

“तिथून... दोन्हीकडे ऐकू जातं.”

“चार वाजल्यानंतर कुठे ठेवणार?”

हेडमास्तरांना प्रश्न विचारायची सवय होती, उत्तर द्यायची नव्हती. “अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न नकोत,” असं काहीतरी पुटपुटत ते आपल्या खोलीत गेले आणि वहीत अकरा क्रमांकापुढे ‘शाळा सोडली’ असं लिहून आले.

*

वाटलेल्या मक्याचे गोळे झाले. ते दाबून पातळ करायला ठिणगीने काकाच्या दोन उरलेल्या फरशा घेतल्या. मधे प्लास्टिक, त्यावर गोळा, वरून फरशी, आणि फरशीवर काकू दोन्ही हातांनी वजन टाकून. चकती गोल निघाली. ती तापल्या तव्यावर पडली, कडा उचलल्या, मधे फुगली. दोन्ही अर्ध्या घरांत एकच वास पसरला, आणि सहा महिन्यांत सुतळी ओलांडणारी वेलानंतरची ही दुसरी गोष्ट.

जेवायचं कुठे हा प्रश्न होता. हेडमास्तर पलीकडे पाय ठेवणार नव्हते, गवंडी अलीकडे. ठिणगीने एका बाजूला वडिलांचं लिहायचं टेबल ओढलं, दुसऱ्या बाजूला काकूचं कापड बेतायचं टेबल, आणि मधल्या दारातून आरपार ते काढलेलं फळकूट दोन्ही टेबलांवर आडवं टाकलं.

“दार जेवायला?” गवंडी म्हणाला.

“नाहीतरी ते आता मोकळंच आहे,” ठिणगी म्हणाली.

दोन्ही टेबलं एकाच सुताराची, एकाच उंचीची. फळकूट मात्र तिरकं बसलं, कारण जमिनी एका उंचीच्या नव्हत्या. बोलणं बंद झाल्याच्या आठवड्यातच गवंड्याने आपल्या अर्ध्या घराची जमीन विटांचा एक थर टाकून तीन इंच उंच केली होती आणि वर नव्या फरशा बसवल्या होत्या. कारण विचारल्यावर म्हणाला होता, “ओल येते.” ओल थोरल्याकडूनच येते, हे त्याने फक्त हाताने दाखवलं होतं.

चौघं बसले. घेवड्याचं पिठल्यासारखं शिजवून घोटलेलं वाटीभर सारण, भोपळ्याची फुलं परतून चीजबरोबर दुमडलेल्या टॉर्टिया, हिरवी कोथिंबीर, आणि वाटीत अकरा क्रमांक, त्याच्या अकरा सहाध्यायांसह.

हेडमास्तरांनी पहिला घास घेतला आणि तो चावताना चेहऱ्यावर काही दिसू न देण्याची कसोशी केली. मग चकती उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर बारीक नक्षी उमटली होती.

“ह्या त्याच फरशा?”

“त्याच,” काकू म्हणाली. “ओल न येणाऱ्या.”

इतक्यात गवंड्यापुढचं लिंबू निघालं. ते दाराच्या उतारावरून सावकाश, घरातल्या सर्वात वडील माणसाच्या चालीने घरंगळत आलं आणि हेडमास्तरांच्या ताटाला येऊन टेकलं.

हेडमास्तरांनी ते परत पाठवलं. ते परत आलं.

“बघितलंस?” ते मुलीला म्हणाले. “सहा महिने हेच! वरून सगळं माझ्या अंगावर ढकलायचं!”

“मी ढकललं नाही,” गवंडी म्हणाला. “ते आपल्या पायाने गेलं.”

“जमीन कुणी उंच केली?”

“नाव कुणी घेतलं नाही?”

झालं. सगळ्यांनी हातातलं खाली ठेवलं. लिंबाने दिशा बदलायचा प्रयत्न सोडला.

“निरोप समारंभात,” गवंडी बोलू लागला, आणि तो आवाज बांधकामावर मजुरांना तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाईल असा होता, “ह्याने सगळ्यांचे आभार मानले. शिपायाचे. घंटा वाजवणाऱ्याचे. घंटेचेसुद्धा! आणि ज्या व्यासपीठावर उभा राहून मानले, ते कुणी बांधलं? ह्या हातांनी! तीन दिवस, तीन रात्री! माझं नाव? नाही!”

“घेणार होतो!” हेडमास्तर ओरडले.

“कधी? पुढच्या जन्मी?”

“शेवटचं वाक्य तुझ्यावरच होतं! लिहून नेलं होतं! ‘आणि सर्वात शेवटी माझा धाकटा भाऊ,’ असं म्हणायला मान वर केली, तर तू पहिल्या रांगेत झोपलेला! तोंड उघडं! शेजारचा माणूस तुला कोपराने ढोसतोय! साऱ्या शाळेसमोर मी काय म्हणणार होतो? ‘हा जो घोरतोय तो माझा भाऊ’?”

तव्यावरची एक चकती करपायला लागली. कुणी उठलं नाही.

“मी झोपलो,” गवंडी हळूच म्हणाला, “कारण तीन रात्री झोपलो नव्हतो.”

“हे तू मला सांगितलं नाहीस.”

“तू मला वाक्य सांगितलं नाहीस.”

“तू विचारलं नाहीस!”

“तू बघितलंस का मी कशाने झोपलो ते?”

“बास!” काकूने तळहात दारावर आपटला. घेवडा हादरला. “बास झालं! म्हणजे सहा महिने हे? झोप आणि एक वाक्य? आणि त्यासाठी मी रोज गल्लीतून वळसा घालून भावोजींच्या अंगणात वाळत घातलेले कपडे आणायला जाते? पावसात? लोक विचारतात, काकू कुठे निघालात, तर मी सांगते, शेजारी! शेजारी! पंचवीस वर्षं ज्या घरात उठले-बसले त्याला शेजारी म्हणते मी! पोरगी शनिवारी फोन करते, तर हा ह्या कोपऱ्यातून खोकतो आणि तो त्या कोपऱ्यातून. दोघांना वाटतं, तिला समजत नाही. भावोजी, तुमच्यापुढे कधी आवाज चढवला नाही, आज चढवते. घोरलं म्हणून काय झालं? माणूस जागा असताना तरी कोण त्याचं नाव घेतं ह्या घरात? आणि तुम्ही हो, गवंडी! तीन इंच! भाऊ चुकला तर माणूस बोलतो, भांडतो, ओरडतो. जमीन कोण उंच करतं?”

गवंडी बोलायला गेला.

“ओल येते म्हणालात तर याद राखा.”

त्याने टॉर्टियाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

ठिणगीने अजून तोंड उघडलं नव्हतं. जहाजावर वादळ आलं की मुख्य स्वयंपाकी एकच सांगत, भांडी धर आणि बोलू नकोस. ती साल्साची वाटी धरून बसली होती, नाहीतर वाटी मघाशीच वडिलांच्या मांडीवर गेली असती. बुधवारी निघायचं होतं. निघताना एकदा ह्या उंबऱ्यावरून जायचं होतं. एवढंच.

भिंतीवरचं घड्याळ चारला दहा कमी दाखवत होतं. गवंड्याने ते बघितलं. हेडमास्तरांनी गवंड्याला बघताना बघितलं.

मग हेडमास्तर उठले.

काकूने कपाळाला हात लावला. सगळ्यांना ती उभं राहण्याची पद्धत माहीत होती. उजवा हात कोटाच्या खिशाकडे जातो, कोट नसला तरी. घसा दोनदा साफ होतो. गवंडी तर ताठ बसला, डोळे सताड उघडे. ह्या वेळी तो झोपणार नव्हता.

“बंधुभगिनींनो,” हेडमास्तर म्हणाले. समोर एक बंधू होता, एक भावजय आणि एक मुलगी. “आजच्या ह्या प्रसंगी मला जे सांगायचं आहे...”

लिंबू पुन्हा हललं. त्यांच्या ताटालाच धक्का लागला आणि तेही खाली सरकू लागलं. त्यात अर्धी टॉर्टिया होती, फुलांची. ती त्यांना संपवायची होती. ताट त्यांनी एका हाताने धरलं, वाटी दुसऱ्या हाताने, आणि लिंबू पोटाने अडवलं. भाषण करायला हात उरला नाही.

ते तसेच उभे राहिले. मग एकशे पाच विटांच्या ढिगाकडे पाहत, जरा खालच्या आवाजात म्हणाले,

“त्यातल्या दोन विटा दे रे, धाकट्या. माझ्याकडची बाजू खाली राहतेय.”